माझ्या अक्षरात नापास

बाई,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की हे वाचून तुम्ही काही बोलाल अशी भीती उरलेली नाही. हयात असतात तर आधी लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ काढले असतेत आणि मजकुराचं मग बघितलं असतंत. लिहायला बसायचं कारण धाकटी. परवा ती ड्यूटीवरून परस्पर माझ्याकडे आली आणि चहा पिता पिता मोबाईलवर एक जुना फोटो दाखवायला लागली, कुणीतरी त्यांच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला. मधोमध खुर्चीत तुम्ही, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या, आणि पायाशी मांडी घालून बसलेला पहिलीचा वर्ग. त्यात तेल चोपडलेली आमची धाकटी. म्हणाली, "ताई, बाई नसत्या तर आपलं काय झालं असतं गं?" आपलं! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी उठून उगाच ओटा पुसायला लागले. ती नर्स झाली, सरकारी हॉस्पिटलात आहे, तिने म्हणावं. तिचं काय झालं ते सगळ्यांना दिसतं. माझं काय झालं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. ठाऊक होतं ते फक्त तुम्हाला, आणि तुम्ही तोंड मिटून बसलात ते बसलातच.

तुम्ही केलेलं चांगलं मी नाकारत नाही. तेवढी मी कृतघ्न नाही. घाटकोपरच्या डोंगरावर तेव्हा नळ खाली आणि घरं वर, पायऱ्यासुद्धा लोकांनी आपल्या हातांनी खणलेल्या. शाळा मधल्या टप्प्यावर, चार खोल्यांची, वर पत्रा, चौथीपर्यंतच. तुम्ही पार्ल्याहून दोन बस बदलून यायचात आणि शाळा भरायच्या आधी आमच्या गल्ल्यांतून फिरायचात. दारात उभं राहून म्हणायचात, "अजून झोपलीय? उठव तिला आणि पाठव तशीच, वेणी मी घालते." आणि खरंच घालायचात. तुमच्या टेबलाच्या खणात खडूंबरोबर कंगवा, रिबिनी, खोबरेल तेलाची बाटली आणि खरजेचं मलम असायचं. शनिवारी दुपारी डोंगरावरच्या बायकांना बोलावून सही शिकवायचात. आमच्या आईने जन्मात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं ते तुमच्या फळ्यावर, आणि घरी येऊन चुलीसमोरच्या राखेत बोटाने दहा वेळा लिहून बघितलं. वरच्या नळाचा अर्ज तुम्ही लिहिलात, वॉर्ड ऑफिसात खेटे तुम्ही घातलेत. नळ आला त्या दिवशी आमचे वडील, आबा, खाणीवरून सरळ शाळेत आले आणि अंगावर दगडाची पांढरी धूळ तशीच असताना तुमच्यासमोर हात जोडून उभे राहिले. डोंगरावर तुमच्या शब्दाला पोलिसाच्या शब्दापेक्षा वजन होतं. हे सगळं खरं आहे आणि याच वजनाखाली मी चिरडले, हेही तितकंच खरं आहे.

ज्या पोरींना घरी भावंडं सांभाळायची असायची त्यांना तुम्ही भावंडं घेऊनच शाळेत यायला सांगितलं होतंत. वर्गात मागच्या भिंतीशी एक गोधडी अंथरलेली असायची, तिच्यावर चार-पाच लेकरं लोळत पडलेली. तपासणीला साहेब आले की शिपाईणमावशी ती सगळी गोधडीसकट उचलून पाण्याच्या खोलीत न्यायची आणि आम्ही पाढे मोठ्याने म्हणायचो, कुणी रडलं तर ऐकू जाऊ नये म्हणून. धाकटी त्या गोधडीवरच बसायला शिकली. तिला एका पायावर झोपवून मी भागाकार केलेत. मी वर्गात पहिली यायचे, मॉनिटर होते, माझं अक्षर तुम्हाला आवडायचं. एकदा तिसरीत हजेरी घेताना मी शेजारणीच्या नावाला "हजर" म्हणाले. ती आईबरोबर कामावर गेली होती, गैरहजर लागली तर तिचं शाळेतलं दूध बंद होईल असं मला वाटलं. तुम्ही माझा कान पिरगळलात आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "खोटी हजेरी लावणं म्हणजे चोरी. लहान असो की मोठा, कागदावर खोटं लिहायचं नाही." मी दोन दिवस तुमच्याकडे बघितलं नव्हतं. मला तुमचा राग आला नव्हता, माझीच लाज वाटत होती.

आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला आमच्या घराचं सगळं ठाऊक होतं, कुणाला खोकला आहे, कुणाचा बाप पितो, कोण गावाला गेलंय. पण हे नव्हतं ठाऊक. आई पूर्वेला गुजराती बिल्डिंगीत धुणीभांडी करायची. मी घरी राहिले तर धाकटीला सांभाळेन, पाणी भरेन, आणि तिला आणखी दोन घरं धरता येतील, असा तिचा हिशोब. त्यात तिचं काही चुकत होतं असं मी आता म्हणत नाही. तिचे हात बघितले असते तर तुम्हीही म्हणाला नसता. पण आबा ऐकायचे नाहीत. आबांना अक्षर येत नव्हतं. रोज संध्याकाळी मला पुढ्यात बसवून पेपर वाचून घ्यायचे, शिळा असला तरी चालायचा. भिंतीवरच्या कोटातल्या, चष्म्यातल्या फोटोकडे बोट करून म्हणायचे, "त्येंनी सांगितलंय शिका. म्या न्हाई शिकलो, ही शिकंल." आई म्हणायची, "पोरीची जात, शिकून काय दिवे लावणारय?" मग आबांचं एकच उत्तर असायचं, दर वेळी तेच, "पैली येती ती. पैली येनारी पोर घरात बसवू व्हय?" त्यावर आई हंडा उचलून पाण्याला निघायची. माझी सगळी शाळा त्या एका वाक्यावर उभी होती, बाई. दुसरा कसलाही टेकू नव्हता.

एप्रिलातला तो रविवार मला आजही अख्खा आठवतो. निकालपत्रकं भरायला तुम्ही मला पार्ल्याला तुमच्या घरी नेलंत. चांगल्या अक्षराच्या मॉनिटरकडून प्रगतिपुस्तकं लिहून घ्यायची रीतच होती, सगळेच गुरुजी घ्यायचे. मी धाकटीला आईकडे सोडून, स्वच्छ फ्रॉक घालून आलेली. तुमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी टेबल आहे, खिडकीबाहेर जास्वंद आहे, ओट्यावर दुधाचं पातेलं झाकून ठेवलंय. तुम्ही मला तूप लावलेली गरम पोळी आणि गुळांबा देता. तुमची मुलगी, माझ्याच वयाची, तीही चौथीतच, स्कॉलरशिपला बसलेली, आत-बाहेर करतेय आणि तिला जसं ताट तसंच मला. हे मी लक्षात ठेवलंय, कारण मी ते तेव्हा नीट बघून घेतलं होतं. मग ताटं उचलून तुम्ही वही उघडता. तुम्ही मार्क सांगताय, मी प्रत्येकाच्या पुस्तकात लिहितेय, शाईचा डाग पडू नये म्हणून जीभ दातांत धरून. माझं नाव येतं आणि तुम्ही थांबता.

"हे बघ," तुम्ही म्हणालात, "तू मोठी आहेस, तुला कळेल. यंदा तिसरीतून वर येणारी मुलं कमी आहेत. चौथीचा पट भरला नाही तर वर्ग तिसरीला जोडतील आणि मला जादा ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवतील. मी गेले तर इथे कोण येणार सांग? जो येईल तो गोधडी घालू देईल?" मी मान हलवली. "तू अजून एक वर्ष माझ्याकडे राहा. पाचवीचं इंग्रजी मी तुला इथेच सुरू करते. मॉनिटर तूच. आणि पाचवीची शाळा त्या टोकाला, तिथे धाकटीला घेऊन कोण बसू देणार आहे तुला?" मी म्हटलं, "हो बाई." मला आनंदच झाला हो! एक वर्ष जास्त तुमच्याबरोबर, आणि इंग्रजी सगळ्यांच्या आधी. मग तुम्ही मार्क सांगितलेत आणि मी लिहिले. गणित, अठ्ठावीस. माझे ब्याण्णव होते, पेपर तुम्ही वर्गात सगळ्यांना दाखवला होतात. शेऱ्याच्या ओळीत तुम्ही सांगितलंत तसं 'अनुत्तीर्ण' लिहिलं, वळणदार, जोडाक्षर अगदी सुबक. "घरी बोलायचं नाही हं. कुणाकडेच नाही. हे शाळेचं आहे." मी पुन्हा हो म्हटलं. निघताना तुम्ही मला नवीकोरी कंपासपेटी दिलीत. चौथीला कंपास लागत नाही, बाई. पाचवीला लागतो. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही, तुमच्या आलं असेल.

माझ्याबरोबर आणखी तिघांना ठेवलंत. त्यांना विचारलंही नाहीत. मला विचारलंत याचा मला कितीतरी वर्षं अभिमान वाटत होता, आणि ज्या दिवशी तो गळून पडला त्या दिवसापासून मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतेय. आत खोलीत तुमची मुलगी होती ना, तिला ठेवलं असतंत का एक वर्ष? पटासाठी, वर्गासाठी, डोंगरासाठी? तिला ठेवायचं कुणी सुचवलं असतं तर तुम्ही त्या माणसाला दारात उभं केलं नसतं. डोंगरावरच्या पोरीचं वर्ष गेलं तर गेलं, त्यांना कुठे कळतंय, असंच ना? तुम्ही आमच्यावर माया केलीत, खूप केलीत, पण आमच्या वर्षाची किंमत तुमच्या घरातल्या वर्षाएवढी धरली नाहीत.

निकाल लागला त्या संध्याकाळी आबा लवकर आले. हातपाय धुऊन, डोक्यावर टोपी घालून बसले, जसे दरवर्षी बसायचे. आई भाकरी थापत होती. आबा म्हणाले, "वाच." घरात वाचता येणारी मी एकटी. मी मराठीचे वाचले, परिसर अभ्यासाचे वाचले, गणिताचे वाचले. आबांना आकडे कळायचे. त्यांनी विचारलं, "आन नंबर?" मी म्हटलं, "नापास." मला वाटलं होतं आबा ओरडतील आणि मी गप्प राहीन आणि मग जूनमध्ये सगळं ठीक होईल. आबा ओरडलेच नाहीत. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, माझ्या अक्षरावरून अंगठा फिरवला आणि टोपी काढून खुंटीला अडकवली. आईने तेवढ्यात आपलं वाक्य म्हणून घेतलं, "आता?" आबांचं ते दर वेळचं उत्तर मी माझ्याच हातांनी काढून घेतलं होतं. मे महिन्यात आईने आणखी दोन घरं धरली.

जूनमध्ये शाळा उघडून आठवडा झाला आणि तुम्ही चढ चढून आमच्या दारात आलात. मी धाकटीला भरवत होते. तुम्हाला बघून मला वाटलं, आल्या, आता सांगतील. आबा उठून उभे राहिले, खाटेवर चादर टाकली, तुम्हाला बसायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पोरीला पाठवा. एक वर्षाने काही बिघडत नाही." आबांनी पुस्तक आणून तुमच्या हातात दिलं. "बाई, म्या अडानी मानूस. मला येवढंच सांगा. ह्ये खरं हाय का?" खोलीत तुम्ही, आबा, आई, मी आणि धाकटी. तुम्ही पुस्तकाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "खरं आहे. पण हुशार आहे हो ती, जरा घसरली यंदा." आबांनी मान हलवली. "तुमी खोटं लिवनार न्हाई. दुसऱ्या कुनी नापास केली असती तर म्या भांडलो असतो, वर सायबापातुर गेलो असतो. पन तुमी केली म्हंजी तिच्यात न्हाई. धाकटी मोटी झाली की तिला धाडतो तुमच्याकडं. आता हिला ऱ्हाऊ द्या." तुम्ही अजून थोडं समजावलंत. मग उठलात. उंबऱ्यापाशी माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि खाली उतरून गेलात.

एक वाक्य, बाई. "आबा, मी केलंय हे, पोरगी पहिली आहे." फार तर काय झालं असतं? आबांनी तुम्हाला खाऊन टाकलं असतं का? बाकीच्या तिघांचे आईबाप दारात आले असते, साहेबांपर्यंत गेलं असतं, डोंगरावर तुमची मान खाली गेली असती. तेवढं तुम्हाला झेपलं नाही. आणि मीही बोलले नाही, कारण मी तुम्हाला हो म्हटलं होतं. दहा वर्षांच्या पोरीने शब्द पाळला आणि पंचेचाळिशीच्या बाईने तिच्या तोंडावर खोटं सांगितलं. चौथीचा वर्ग टिकला. तुम्ही टिकलात. नंतर डोंगरावर दवाखाना आला, बालवाडी आली, धाकटी तुमच्याच हाताखाली चौथीत पहिली आली आणि आबांनी पेढे वाटले. मी तेव्हा घरी बसून पेनात रिफिली भरायचे. कारखान्यातून पोतं यायचं, पेनं वेगळी, रिफिली वेगळी, टोपणं वेगळी. शाळा सुटली आणि हातात पेनंच पेनं आली, झकास ना! पुढे रात्रशाळेत जाऊन सातवी झाले, मग लग्न, मग मुलुंडला हे फॉल-बिडिंगचं दुकान. माझं वाईट झालं नाही. पण आबा मरेपर्यंत मला "आपली ही कामाची" म्हणायचे आणि धाकटीला "आपली ही डोक्याची" म्हणायचे, प्रेमानेच म्हणायचे. त्यांना खरं सांगावं असं शंभर वेळा ओठांवर आलं. सांगितलं असतं तर त्यांच्या हातून काय झालं ते त्यांना कळलं असतं, म्हणून गिळलं.

आणि मग तुम्ही माझ्या दुकानात आलात. मुलुंडला लेकीकडे राहायला आला होतात, तीच, स्कॉलरशिपवाली, आता बँकेत मोठी ऑफिसर. साडीला फॉल लावायचा होता. मी तुम्हाला दुकानाच्या पायऱ्यांवरच ओळखलं, पण बोलले नाही. तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिलात. "अगं, तू... माझी मॉनिटर ना तू?" माझ्या तोंडून "हो बाई" निघालं, तसंच, त्याच आवाजात. तुम्ही काउंटरची कड धरलीत आणि विचारलंत, "शिकलीस ना गं पुढे?" वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर पाठ होतं माझं. आणि मी म्हणाले, "हो बाई. बी. ए. झाले. हे दुकान असंच, आवड म्हणून." तुमचं तोंड असं उजळलं की बस. लेकीकडे वळून म्हणालात, "बघ, म्हटलं नव्हतं मी तुला? माझं काही चुकलं नाही." आणि मला म्हणालात, "शाबास." त्याच वर्षी तुम्ही गेलात, असं तुमची लेक न्यायची राहून गेलेली ती साडी न्यायला आली तेव्हा कळलं. म्हणजे निश्चिंत होऊन गेलात, माझ्या सहीने.

ते परत घ्यावं म्हणून आज हे लिहायला घेतलं. मी बी. ए. नाही, बाई. सातवी आहे, तीही रात्रशाळेची. तुमचं चुकलं, भयंकर चुकलं, आणि आमच्या खोलीत आबांसमोर तुम्ही जे बोललात त्याला मी माफी दिलेली नाही. हे कागद टाकायला पत्ता नाही आणि तुमच्या लेकीला द्यायची माझी इच्छा नाही, तिने काय घोडं मारलंय माझं? मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की म्हाताऱ्या बाईची दया आली म्हणून खोटं बोलले. तसं काही नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि मी काउंटरमागे सरळ उभी राहिले, वर्गात उभी राहायचे तशी, आणि तुम्हाला हवं ते उत्तर दिलं. तुम्ही शाबास म्हणालात आणि मला बरं वाटलं. पूर्ण दिवसभर बरं वाटत होतं, बाई. तुमच्यापेक्षा मला त्याचाच जास्त राग आहे.